जागतिक साहित्य आणि विद्यार्थ्याचे लेखन : दिल्ली परिसरातील इंग्रजीच्या वर्गाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

दिल्ली आणि तिच्याभोवतीची गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद, सोनीपत, पानिपत ही शहरे मिळून जे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र होते, तेथील विद्यार्थी नववी ते बारावी या चार वर्षांत इंग्रजीच्या तासाला जे वाचतात, त्यात इंग्लंडमधील साहित्य हा आता एक मर्यादित भाग उरला आहे. चेकॉव्हची एकांकिका, मोपासाँची कथा, पाब्लो नेरुदाची कविता, स्वीडनच्या सेल्मा लागरलॉफची गोष्ट, तमिळमधून आलेले बामा यांचे आत्मकथन आणि मुळात मराठीत लिहिलेली जयंत नारळीकरांची विज्ञानकथा हे सारे लेखन एकाच विषयाच्या नावाखाली वाचले जाते. एका भाषेच्या साहित्याचा अभ्यास करणारा हा विषय अशा रीतीने अनेक भाषांतील साहित्याकडे जाण्याची वाट झाला आहे. हा बदल मोठा आहे. परंतु वाचनाच्या या विस्ताराबरोबर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनाचा विस्तार झाला की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत आढाव्यात पाठ्यपुस्तकांतील निवड, परीक्षेची रचना, अन्य मंडळांचे अनुभव आणि शहरातील शाळाबाह्य प्रयोग यांचा एकत्र विचार करून असे दाखवण्याचा प्रयत्न आहे की, दिल्लीच्या वर्गात जग पोहोचले आहे, मात्र त्या जगाला उत्तर देणारे लेखन अजून पोहोचलेले नाही आणि ही तूट भरून काढण्याचे साधन विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषांतच आहे.

'जागतिक साहित्य' ही संज्ञा सैलपणे वापरली जात असल्याने तिचा अर्थ आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. जर्मन कवी गटे याने जानेवारी १८२७ मध्ये एका चिनी कादंबरीच्या वाचनाच्या संदर्भात आपला सहकारी एकरमान याच्याशी बोलताना राष्ट्रीय साहित्यापलीकडच्या साहित्याची कल्पना मांडली आणि पुढे ती युरोपभर रूढ झाली. भारतात रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०७ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय शिक्षण परिषदेसमोर 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिले आणि निरनिराळ्या देशांतील ग्रंथांची बेरीज म्हणजे विश्वसाहित्य नव्हे, तर त्या सर्वांतून व्यक्त होणारा माणसाचा एकसंध प्रयत्न म्हणजे विश्वसाहित्य, अशी भूमिका घेतली. डेव्हिड डॅमरॉश या अभ्यासकाने २००३ मधील आपल्या ग्रंथात या कल्पनेला अधिक व्यवहार्य रूप दिले. जी कृती आपल्या जन्मभूमीच्या बाहेर, मूळ भाषेत किंवा भाषांतरातून, वाचली जाऊ लागते ती जागतिक साहित्यात येते आणि म्हणून जागतिक साहित्य ही ग्रंथांची ठरावीक यादी नसून वाचण्याची एक पद्धत आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. शाळेच्या दृष्टीने ही शेवटची व्याख्या विशेष उपयोगाची आहे, कारण पद्धत म्हटली की ती शिकवता येते, शिकता येते आणि तिचा पुरावा विद्यार्थ्याच्या लेखनात शोधता येतो.

पूर्वपीठिका

भारतातील इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाचा इतिहास सामान्यतः मेकॉलेच्या १८३५ मधील टिपणापासून सांगितला जातो. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' या १९८९ मधील ग्रंथात असे दाखवले की, इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडमध्ये स्थिरावण्याआधीच तो वसाहतीतील भारतात रुजवला गेला आणि त्यामागे प्रजेच्या मनाला वळण लावण्याचा राजकीय हेतू होता. ही मांडणी महत्त्वाची असली तरी दिल्लीपुरता विचार केल्यास चित्र थोडे निराळे दिसते. अजमेरी दरवाजाजवळच्या जुन्या मदरशात १८२०च्या दशकात सुरू झालेल्या दिल्ली कॉलेजात पाश्चात्त्य विद्या मोठ्या प्रमाणावर उर्दूतून शिकवली जात होती. १८४०च्या दशकात या कॉलेजाशी निगडित असलेल्या भाषांतर मंडळाने गणित, विज्ञान, इतिहास आणि कायदा या विषयांवरील इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणले, आणि मास्टर रामचंद्र यांच्यासारख्या शिक्षकांनी याच भाषेतून विज्ञान आणि गणित विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवले. बाहेरचे ज्ञान शहराच्या भाषेत उतरवून घ्यायचे आणि मग त्यावर विचार करायचा, ही पद्धत त्या काळी दिल्लीत प्रत्यक्ष चालू होती. १८५७ च्या उठावात त्या कॉलेजाची मोठी हानी झाली आणि पुढच्या काळात इंग्रजी ग्रंथ इंग्रजीतूनच, व तेही परीक्षेसाठी, वाचण्याची पद्धत दृढ झाली.

मराठीतही बाहेरच्या साहित्याशी झालेली पहिली खोल ओळख भाषांतरातून आणि रूपांतरातून झाली. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ते करणारा लेखक शेक्सपिअरचा वाचक, भाष्यकार आणि आपल्या भाषेचा लेखक या तिन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडत होता. शालेय इंग्रजीच्या वर्गात या तीन भूमिकांपैकी पहिली, म्हणजे वाचकाची, तेवढी शिल्लक राहिली, आणि प्रस्तुत प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

स्वातंत्र्यानंतर शालेय अभ्यासक्रमाची सूत्रे दिल्लीत एकवटली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीईआरटी, १९६१ मध्ये येथे स्थापन झाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, याचे मुख्यालय येथेच आहे आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सीआयएससीई या दुसऱ्या अखिल भारतीय परीक्षा मंडळाचा कारभारही येथूनच चालतो. १९९०च्या दशकात सीबीएसईने संवादात्मक इंग्रजीचा पुरस्कार केला. भाषेचे नियम आणि साहित्यकृतींचे सारांश पाठ करण्याऐवजी प्रत्यक्ष प्रसंगात भाषा वापरता यावी, हा त्या पद्धतीचा उद्देश होता. त्यातून वर्ग बोलका झाला, पण लेखन म्हणजे व्यवहारातील पत्रे, सूचना आणि अहवाल, हे समीकरणही त्याच काळात पक्के झाले.

पाठ्यपुस्तकांतील जग

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीने २००६ आणि २००७ मध्ये नववी ते बारावीची इंग्रजीची नवी पुस्तके काढली. नववीसाठी 'बीहाइव्ह' आणि 'मोमेंट्स', दहावीसाठी 'फर्स्ट फ्लाइट' आणि 'फूटप्रिंट्स विदाउट फीट', अकरावीसाठी 'हॉर्नबिल' आणि 'स्नॅपशॉट्स', तर बारावीसाठी 'फ्लेमिंगो' आणि 'व्हिस्टाज' ही ती पुस्तके होत. यांपैकी प्रत्येक जोडीतील दुसरे पुस्तक पूरक वाचनासाठी आहे. जवळजवळ दोन दशके या पुस्तकांनी दिल्लीतील सरकारी शाळा, केंद्रीय विद्यालये आणि असंख्य खासगी शाळा यांतील विद्यार्थ्यांचे साहित्यविश्व घडवले, म्हणून त्यांतील निवडीकडे बारकाईने पाहणे योग्य ठरते.

या निवडीचे पहिले वैशिष्ट्य तिचा भौगोलिक विस्तार हे आहे. दहावीच्या पुस्तकात मेक्सिकोच्या ग्रेगोरिओ लोपेझ इ फ्युएंतेस याची देवाला लिहिलेल्या पत्राची कथा, नेल्सन मंडेलांच्या आत्मचरित्राचा भाग, ॲन फ्रँकच्या रोजनिशीतील नोंदी, चेकॉव्हची 'द प्रपोजल' ही एकांकिका आणि वल्लिक्कण्णन यांची तमिळ कथा एकत्र येतात. अकरावीत डच लेखिका मार्गा मिंको हिची युद्धोत्तर काळातील कथा आहे, तर बारावीत १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली लेखिका सेल्मा लागरलॉफ आहे. एका बाजूला हे विस्तारलेले जग आणि दुसऱ्या बाजूला खुशवंत सिंग यांचे आजीचे शब्दचित्र, अशोकमित्रन यांच्या मद्रासच्या जेमिनी स्टुडिओतील आठवणी, मुल्कराज आनंद यांची कथा असे भारतीय लेखन यांचा मेळ या पुस्तकांनी घातला, आणि इंग्रजी ही परक्यांची भाषा आहे ही जुनी भावना त्यांनी पुष्कळ प्रमाणात मागे टाकली.

दुसरे आणि अधिक मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे काही ठिकाणी संपादकांनी निरनिराळ्या संस्कृतींतील कृती मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. 'व्हिस्टाज'मध्ये अमेरिकेतील मूलनिवासी समाजातील लेखिका झिटकाला-शा हिची आठवण आणि दलित ख्रिस्ती तमिळ लेखिका बामा यांची आठवण एकाच पाठात येते. पहिलीत गोऱ्यांच्या निवासी शाळेत लहान मुलीचे केस बळजबरीने कापले जातात. दुसरीत शाळेतून घरी येताना एका मुलीला आपल्या समाजाला स्पर्शाचीही बंदी आहे हे प्रथमच कळते. दोन खंड, दोन शतके आणि दोन भाषा यांच्या पलीकडे जाऊन अपमानाची रचना सारखी कशी असते, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, अशी ही मांडणी आहे. जागतिक साहित्य ही वाचनाची पद्धत आहे, या विधानाचा याहून चांगला शालेय नमुना मिळणे कठीण आहे.

'फ्लेमिंगो'च्या आरंभीचे दोन पाठही असेच परस्परांना उजाळा देतात. आल्फाँस दोदे याची 'द लास्ट लेसन' ही कथा १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या पार्श्वभूमीवर घडते. ॲल्सेसमधील शाळेत यापुढे फ्रेंच शिकवायचे नाही, असा हुकूम येतो आणि भाषा हिरावली जाण्याचे दुःख मुलांना उमगते. लगेच येणारा अनीस जंग यांचा 'लॉस्ट स्प्रिंग' हा पाठ दिल्लीच्या सीमेवरील सीमापुरीत कचरा वेचणाऱ्या आणि फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्यांत काम करणाऱ्या मुलांविषयी आहे. भाषा हिरावली गेलेला फ्रेंच मुलगा आणि शाळाच न लाभलेला दिल्लीचा मुलगा यांची भेट या दोन पाठांमधल्या जागेत होते. शिवाय दोदेच्या कथेच्या पार्श्वभूमीत एक ऐतिहासिक गुंतागुंत आहे. ॲल्सेसमधील बहुसंख्य लोकांच्या घरची बोली जर्मन वळणाची होती, त्यामुळे कथेतील 'आपली भाषा' नेमकी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. घरी हरियाणवी, पंजाबी, भोजपुरी किंवा मैथिली बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजीतून ही कथा वाचणाऱ्या दिल्लीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. परंतु तो वर्गात येण्यासाठी संदर्भाची माहिती आणि लेखनाची जागा या दोन्हींची गरज आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने अकरावीतील 'द ॲडव्हेंचर' हा पाठ खास आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या नारळीकरांच्या कथेचे हे इंग्रजी रूप होय. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघाती अनुभवातून अशा जगात जातात, जेथे १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झाले आहेत आणि त्यामुळे भारताच्या पुढच्या इतिहासाला वेगळे वळण लागले आहे. पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचाच भाग आहे, त्यामुळे त्या शहरातील विद्यार्थी आपल्याच भूमीवरील लढाईचा पर्यायी निकाल एका मराठी शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून, इंग्रजीत वाचतो. मराठी घरांत पानिपत हा पराभवाचा व्रण आहे, तर हरियाणातील विद्यार्थ्याच्या मनात तेच नाव वेगळ्या आठवणी जागवत असणार. या दोन स्मृती समोरासमोर ठेवणारे लेखन त्या पाठावर सहज घडवता येईल.

ऐच्छिक इंग्रजीच्या पुस्तकांत, म्हणजे इंग्रजी साहित्य हा विशेष विषय म्हणून घेणाऱ्यांच्या 'वोव्हन वर्ड्स' आणि 'कॅलिडोस्कोप'मध्ये, ही व्याप्ती आणखी वाढते. वोले शोयिंकाची वर्णभेदावरील कविता, गार्सिया मार्केझची कथा, चिनी लेखिका बी शूमिन हिची कथा, व्हर्जिनिया वुल्फचे गद्य आणि गिरीश कार्नाडांचे नाटक तेथे आहे. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' संग्रहातील एक कविता आणि दिलीप चित्रे यांची वटवृक्ष तोडण्यावरची कविताही आहे. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे हे दोन कवी दिल्लीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी कवी म्हणून भेटतात. मात्र हा विषय घेणारे विद्यार्थी थोडे, त्यामुळे पुस्तकांतील सर्वांत समृद्ध जग सर्वांत कमी वर्गांत उघडले जाते.

न आलेले आणि वगळलेले

विस्ताराच्या या चित्रात उणिवाही स्पष्ट आहेत. सर्वांसाठीच्या मुख्य पुस्तकांत शेजारी देशांतील लेखक जवळजवळ दिसत नाहीत. नेपाळ विक्रम सेठ यांच्या काठमांडूच्या प्रवासवर्णनातून दिसतो आणि जपान पर्ल बक या अमेरिकन लेखिकेच्या 'द एनिमी' या कथेतून भेटतो. या दोन्ही कृती चांगल्या आहेत, पण आशियातील माणसे स्वतः काय लिहितात हे त्यांतून कळत नाही. आफ्रिकेचेही तसेच, मंडेलांचे आत्मकथन आहे, पण आफ्रिकेतील कथा आणि कविता मुख्य पुस्तकांच्या बाहेर राहतात. भाषांतर ही तर सर्वांत मोठी अदृश्य गोष्ट आहे. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, स्वीडिश, तमिळ या भाषांतील पाठ विद्यार्थी इंग्रजी पाठ म्हणूनच वाचतो आणि पाठाखालच्या प्रश्नांत भाषांतराच्या प्रक्रियेचा विचार क्वचितच येतो.

पूर्ण लांबीच्या कृतींचे वाचन थांबणे हा आणखी एक तोटा आहे. एके काळी सीबीएसईच्या अभ्यासक्रमात नववीला 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' किंवा 'थ्री मेन इन अ बोट', दहावीला ॲन फ्रँकची रोजनिशी किंवा हेलन केलरचे आत्मचरित्र, अकरावीला ऑस्कर वाइल्डची 'द कँटरव्हिल घोस्ट' आणि बारावीला 'द इनव्हिजिबल मॅन' किंवा 'सायलस मार्नर' असे. पुढे ही दीर्घ वाचनाची पुस्तके काढून टाकण्यात आली. कादंबरीतील पात्र हळूहळू बदलत जाते, निवेदकावरचा विश्वास कमीजास्त होतो, आधी आलेल्या तपशिलाला नंतर अर्थ येतो; हे अनुभव चार-पाच पानांच्या उताऱ्यातून मिळत नाहीत. महाराष्ट्र राज्य मंडळाने उलट दिशेने पाऊल टाकले. २०२० मध्ये आलेल्या बारावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त कादंबरी या साहित्यप्रकाराचा स्वतंत्र विभाग असून त्यात 'टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' आणि 'द साइन ऑफ फोर' यांचे अंश आहेत, तर अकरावीच्या पुस्तकात तसाच विभाग नाटकाचा आहे. हेही अंशच आहेत. तरी साहित्यप्रकार म्हणजे काय, त्याचा इतिहास कसा, हे विद्यार्थ्याला सांगण्याची जबाबदारी त्या पुस्तकाने स्वीकारली आहे.

वगळण्याचा इतिहास अलीकडे अधिक ठळक झाला. महासाथीनंतर २०२२ मध्ये एनसीईआरटीने ओझे कमी करण्याच्या हेतूने सर्व विषयांतील मजकूर कमी केला, तेव्हा इंग्रजीतून झोपडपट्टीतील शाळेवरची स्टीफन स्पेंडरची कविता, पोलिश वंशाच्या मुलीला वर्गात मिळणाऱ्या वागणुकीची 'द हंड्रेड ड्रेसेस' ही कथा आणि आगा शाहिद अली या काश्मिरी कवीवरचा अमिताव घोष यांचा लेख गेला. विद्यापीठ पातळीवरही असेच घडले. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातील स्त्रीलेखनाच्या विभागातून महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही कथा आणि बामा व सुकीर्तराणी यांचे लेखन वगळण्यात आले. ज्या लेखिकेला दिल्लीतील विद्यार्थी बारावीत वाचतो, ती पदवीच्या त्या विभागात त्याला भेटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नवी पुस्तके आता खालच्या इयत्तांपासून वर येत आहेत आणि २०२४ मध्ये सहावीसाठी 'पूर्वी' हे इंग्रजीचे पुस्तक आले. वरच्या इयत्तांच्या पुस्तकांची पुनर्रचना होताना झिटकाला-शा आणि बामा यांच्या जोडीसारखी मांडणी टिकवणे, हे पाठांची संख्या टिकवण्यापेक्षा महत्त्वाचे ठरेल.

परीक्षेतील लेखन

वाचनाचे जग एवढे विस्तारले असताना लेखन मात्र अरुंद चौकटीत राहिले आहे, हे प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यावरून दिसते. बारावीच्या मुख्य इंग्रजीच्या अलीकडच्या आराखड्यानुसार ८० गुणांच्या लेखी परीक्षेत आकलनाला २२, लेखनाला १८ आणि साहित्याला ४० गुण असतात. लेखनाच्या विभागात ५० शब्दांची सूचना, ५० शब्दांचे निमंत्रण किंवा त्याचे उत्तर, १२० ते १५० शब्दांचे पत्र आणि तेवढ्याच शब्दांचा लेख किंवा अहवाल अपेक्षित असतो. साहित्याच्या विभागात उताऱ्यावरचे वस्तुनिष्ठ प्रश्न, ४० ते ५० शब्दांची लघूत्तरे आणि १२० ते १५० शब्दांची दीर्घोत्तरे असतात. याचा अर्थ असा की, बारा वर्षांच्या शालेय शिक्षणाच्या अखेरीस एखाद्या साहित्यकृतीविषयी विद्यार्थ्याने लिहिण्याची कमाल अपेक्षा दीडशे शब्दांची आहे.

या रचनेचे समर्थनही करता येते आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. देशभर लाखो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत, समान निकषांवर तपासायच्या असतात. गावातील आणि शहरातील, इंग्रजी माध्यमातील आणि इतर माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यांना एकच परीक्षा द्यायची असते. आणि अर्ज, पत्र, सूचना लिहिता येणे हे रोजच्या जगण्यात खरोखर उपयोगी आहे. तरीही या रचनेचे दोन परिणाम टाळता येत नाहीत. एक म्हणजे लेखन आणि साहित्य हे दोन विभाग एकमेकांपासून पूर्ण तुटतात. ज्या पत्रात विद्यार्थी रस्त्यावरील खड्ड्यांची तक्रार मांडतो त्याचा आणि ज्या धड्यात मेक्सिकोचा शेतकरी देवाला पत्र लिहितो त्याचा काहीही संबंध उरत नाही. दुसरा परिणाम असा की, दीडशे शब्दांत आधी ठरलेले मुद्दे मांडायचे असल्याने गाईडमधील तयार उत्तरे सोयीची ठरतात, आणि शिक्षकाची इच्छा असली तरी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाचनाला जागा मिळणे कठीण होते. मराठीच्या वर्गात 'रसग्रहण' हा लेखनप्रकार परिचित आहे; त्यात कवितेचा आशय, तिची घडण, प्रतिमा आणि वाचकाला जाणवलेले सौंदर्य यांचा एकत्र विचार अपेक्षित असतो. व्यवहारात त्याचीही ठरावीक छापातली उत्तरे होतात, पण वाचकाचा स्वतःचा प्रतिसाद हा गुण देण्याजोगा विषय आहे, हे तत्त्व तरी त्यात मान्य आहे.

अन्य मंडळांचे अनुभव

दिल्ली परिसरात सीबीएसईखेरीज इतरही मंडळांच्या शाळा आहेत आणि त्यांच्याशी तुलना केल्यास पर्याय स्पष्ट होतात. सीआयएससीईच्या परीक्षांत इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात, शेक्सपिअरचे एक संपूर्ण नाटक वाचावे लागते आणि भाषेच्या पत्रिकेत मोठा निबंध लिहावा लागतो. त्यामुळे दीर्घ वाचन आणि दीर्घ लेखन या दोन्हींचा सराव होतो, मात्र साहित्याच्या केंद्रस्थानी इंग्लंडची परंपरा अधिक प्रमाणात राहते.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेली संस्था. तिचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम दिल्ली आणि गुरुग्राम परिसरातील काही खासगी शाळांत शिकवला जातो. एके काळी या अभ्यासक्रमात 'जागतिक साहित्य' या नावाचाच लेखनभाग होता. २०१९ पासूनच्या रचनेत ते नाव नसले तरी तत्त्व अधिक पक्के झाले आहे. साहित्याच्या अभ्यासक्रमात सामान्य स्तरावर ९ आणि उच्च स्तरावर १३ कृती वाचाव्या लागतात आणि त्यांपैकी अनुक्रमे किमान ३ आणि ४ भाषांतरित असाव्या लागतात. वाचक, लेखक आणि संहिता यांचे नाते, काळ आणि अवकाश, तसेच आंतरसंहितात्मकता, म्हणजे एका कृतीत दुसऱ्या कृतीचे पडसाद कसे उमटतात याचा विचार, अशा तीन दिशांनी वाचन होते. तोंडी परीक्षेत विद्यार्थी मूळ भाषेतील एक आणि भाषांतरित एक अशा दोन कृती घेऊन त्यांतून दिसणाऱ्या एखाद्या जागतिक प्रश्नावर दहा मिनिटे बोलतो, आणि उच्च स्तरावरचा विद्यार्थी १,२०० ते १,५०० शब्दांचा निबंध लिहितो, ज्याचा प्रश्न त्याने स्वतः निवडलेला असतो. या निबंधाचा कच्चा खर्डा शिक्षक वाचतात आणि विद्यार्थी तो पुन्हा लिहितो. शिक्षक उपलब्ध नसलेल्या मातृभाषेचे साहित्य स्वाध्यायाने शिकण्याची सोयही या अभ्यासक्रमात आहे.

सीबीएसईच्या दीर्घोत्तराच्या दहापट असणारा हा निबंध केवळ लांबीमुळे श्रेष्ठ ठरत नाही. त्यामागे वर्षभराची टिपणे, चर्चा, खर्डे आणि सुधारणा असतात, म्हणून तो श्रेष्ठ ठरतो. परंतु या शाळांचे शुल्क अतिशय मोठे असल्याने हा अनुभव शहरातील मोजक्या मुलांपुरता मर्यादित राहतो. हा भेद कमी करण्याच्या दृष्टीने दिल्ली सरकारने २०२१ मध्ये स्वतःचे शिक्षण मंडळ स्थापन करून आयबीशी सहकार्याचा करार केला होता. सरकारी शाळेतील मुलालाही दीर्घ, विचारपूर्वक लेखन शिकण्याचा हक्क आहे, हे त्या प्रयत्नाने अधोरेखित केले. एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, एक विद्यार्थी नेरुदावर दीडशे शब्द लिहितो आणि दुसरा दीड हजार, ही विषमता इमारतींच्या आणि संगणकांच्या विषमतेइतकी डोळ्यांत भरत नाही, पण तिचा परिणाम त्याहून खोल आहे, कारण ती विचार करण्याच्या संधीची विषमता आहे.

शहरातील भाषा आणि शाळेबाहेरचे लेखन

दिल्ली हे स्थलांतरितांचे शहर असल्याने तेथील कोणत्याही वर्गात अनेक भाषा उपस्थित असतात. मराठीही त्यांत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये आणि तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात भरले. भारतीय भाषांतील साहित्य एकमेकांत भाषांतरित करणारी साहित्य अकादमी १९५४ पासून दिल्लीतच आहे. म्हणजे भारतीय भाषांमधील देवाणघेवाणीची सर्वांत मोठी केंद्रे ज्या शहरात आहेत, तेथील इंग्रजीच्या वर्गात मात्र भाषांतर हा अभ्यासाचा विषय नाही.

शाळेबाहेर या दिशेने उल्लेखनीय काम झाले आहे. गीता धर्मराजन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या 'कथा' या संस्थेने भारतीय भाषांतील कथांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली आणि गोविंदपुरीच्या वस्तीतील आपल्या शाळेत गोष्ट हेच शिक्षणाचे माध्यम मानले. त्याहून अधिक विचार करायला लावणारा प्रयोग 'अंकुर' ही संस्था आणि विकासशील समाज अध्ययन पीठाचा 'सराय' हा उपक्रम यांनी २००१ पासून चालवलेल्या 'सायबरमोहल्ला'चा आहे. एलएनजेपी वसाहत, दक्षिणपुरी आणि यमुनेकाठची नांगला माची या श्रमिक वस्त्यांतील तरुण मुलेमुली तेथे नियमित जमत, रोज लिहीत, एकमेकांचे लिखाण ऐकत आणि पुन्हा लिहीत. २००६ मध्ये नांगला माची पाडली गेली, तेव्हा त्या वस्तीचे आयुष्य आणि तिचे उठणे त्यांनी शब्दांत नोंदवले. हे हिंदी लेखन 'बहुरूपिया शहर' या नावाने पुस्तकरूपाने आले आणि पुढे २०१० मध्ये 'ट्रिकस्टर सिटी' या नावाने इंग्रजीत भाषांतरित होऊन जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. डॅमरॉशची व्याख्या लावली तर हे लेखन जागतिक साहित्यच होय. 'लॉस्ट स्प्रिंग'मध्ये दिल्लीच्या वस्तीतील मुलाविषयी दुसऱ्या कोणी लिहिले आहे. येथे वस्तीतील मुले स्वतः लिहितात. हे दोन ग्रंथांश एकत्र वाचले, तर लेखनाचा अधिकार कोणाचा, हा साहित्याच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न बारावीच्या विद्यार्थ्याला आपल्याच शहराच्या आधारे समजेल.

निष्कर्ष

वरील आढाव्यातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली अशी की, जागतिक साहित्य वर्गात आणण्याचे काम एनसीईआरटीच्या पुस्तकांनी बऱ्याच अंशी केले आहे आणि उणिवा असल्या तरी तो वारसा जपण्याजोगा आहे. दुसरी अशी की, खरी तूट निवडीत नसून वाचन आणि लेखन यांच्या सांध्यात आहे. परीक्षेने या दोहोंना वेगळे केले आणि त्यामुळे विस्तृत वाचन अल्प प्रतिसादात संपते. तिसरी अशी की, हा सांधा जोडण्यासाठी महागड्या अभ्यासक्रमाची अनिवार्यता नाही. बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रकल्पासाठी १० गुण आधीपासूनच राखलेले आहेत; त्यांचा उपयोग हजारभर शब्दांच्या एकाच निबंधासाठी करता येईल. त्यात विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील एक कृती आणि आपल्या घरच्या भाषेतील एक कृती, कथा, लोकगीत किंवा आजीच्या तोंडची गोष्ट, शेजारी ठेवावी, घरच्या भाषेतील मजकुराचे स्वतः इंग्रजी भाषांतर करावे, खर्डा शिक्षकाला दाखवावा आणि सुधारून पुन्हा लिहावा. त्यासाठी वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात हवी, शिक्षकांना खर्डे वाचण्यासाठी वेळ हवा आणि त्यांच्या प्रशिक्षणात व्याकरणाच्या चुका शोधण्यापलीकडे जाऊन लेखनाचे मार्गदर्शन करण्याचा समावेश हवा. या मागण्या सोप्या नाहीत, पण शासन आणि शाळा यांच्या आवाक्याबाहेरच्याही नाहीत.

दिल्ली कॉलेजातील भाषांतरकारांनी आणि आगरकरांसारख्या मराठी लेखकांनी बाहेरचे साहित्य आपलेसे केले, ते लिहूनच. इंग्रजीच्या वर्गातील विद्यार्थी जोवर दोदे, बामा किंवा नारळीकर यांच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले उत्तर पाठ करतो, तोवर तो जागतिक साहित्याचा परीक्षार्थी असतो; ज्या दिवशी तो त्यांच्या शेजारी आपल्या भाषेतील गोष्ट ठेवून स्वतःचे वाक्य लिहू लागेल, त्या दिवसापासून तो त्या साहित्याचा वाचक होईल. नवी पुस्तके तयार करणाऱ्यांनी आणि परीक्षेचे आराखडे आखणाऱ्यांनी पाठांची निवड जितक्या काळजीने करावी, तितक्याच काळजीने या वाक्यासाठी जागा राखावी.